चिनी बाईच्या रोलसाठी हॉलिवूडनं चिनी वंशाच्या सुपरस्टारलाच नाकारलं होतं

१९३५ साल. हॉलिवूडमध्ये एका मोठ्या सिनेमाची तयारी सुरू होती.

एमजीएम या तालेवार स्टुडिओनं ‘द गुड अर्थ’ करायला घेतला होता. पर्ल बक यांची पुलित्झर मिळालेली कादंबरी. चीनमधल्या एका गरीब शेतकरी जोडप्याची गोष्ट. त्यात दुष्काळ होता, टोळधाड होती, भूक होती आणि या सगळ्यात घर धरून ठेवणारी ओलान नावाची शेतकऱ्याची बायको होती.

त्या वेळी हॉलिवूडमध्ये चिनी वंशाची एक अभिनेत्री अशी होती, जिचं नाव लॉस एंजेलिसपासून लंडन आणि बर्लिनपर्यंत लोकांच्या तोंडात होतं. ॲना मे वाँग. वय तिशीचं, गाठीला पंधरा वर्षांचा अनुभव. ओलानचा रोल तिलाच मिळणार, असं कुणालाही वाटलं असतं. तिलाही वाटत होतं.

रोल मिळाला लुईस रेनर या जर्मनीत जन्मलेल्या गोऱ्या अभिनेत्रीला. मेकअप करून तिला चिनी बनवण्यात आलं. सिनेमा १९३७ ला आला आणि पुढच्या वर्षी तिला त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्करही मिळालं.

चिनी बाईची गोष्ट, चिनी वंशाची स्टार समोर हजर, तरी तिला घेता येत नाही. असं का झालं हे समजून घ्यायचं तर ॲना मे वाँगचं आयुष्य सुरुवातीपासून बघावं लागतं.

लाँड्रीवाल्याची पोरगी

३ जानेवारी १९०५ ला लॉस एंजेलिसमध्ये तिचा जन्म झाला. घरचं नाव वाँग लिउ त्सोंग. वडील वाँग सॅम सिंग लाँड्री चालवायचे. लोकांचे कपडे धुवायचे, इस्त्री करायची आणि त्यावर मोठं कुटुंब पोसायचं. पोरंही हाताखाली असायची. धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवणं हे ॲनाचं लहानपणापासूनचं काम.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. वाँग कुटुंब काही नुकतंच बोटीतून उतरलेलं नव्हतं. ॲनाच्या वडिलांचा जन्मही कॅलिफोर्नियातलाच. म्हणजे ती जन्मानं आणि कागदोपत्री पक्की अमेरिकन.

पण शाळेतल्या गोऱ्या पोरांना त्याचं काय? ती तिला आणि तिच्या बहिणीला इतकं छळायची, की शेवटी आईवडिलांनी दोघींना चिनी मुलांसाठीच्या मिशनच्या शाळेत घातलं.

जे शाळेत होत होतं तेच देशाच्या कायद्यातही होतं. १८८२ मध्ये अमेरिकेनं चिनी मजुरांना देशात यायला बंदी घालणारा कायदा केला होता. चीनमधून आलेल्या माणसाला नागरिकत्व मिळायची सोय नव्हती. हा कायदा १९४३ पर्यंत टिकला. म्हणजे ॲनाच्या आयुष्यातली पहिली ३८ वर्षं त्याच्याच सावलीत गेली. पुढं ती स्टार झाल्यावरसुद्धा परदेशी जायचं म्हटलं, की तिला आधी सरकारी फॉर्म भरून आपण खरंच अमेरिकन नागरिक आहोत हे सिद्ध करावं लागायचं. त्या फॉर्मवर चिनी वंशाच्या अर्जदाराचा उल्लेखच कथित अमेरिकन नागरिक असा असायचा.

त्याच सुमारास न्यूयॉर्ककडच्या सिनेमा कंपन्या कॅलिफोर्नियात येत होत्या. शूटिंगला स्वस्तात वेगळं काहीतरी दाखवायचं तर चायनाटाऊनच्या गल्ल्या हाताशीच होत्या. ॲना शाळा बुडवून शूटिंग बघत उभी राहायची. जेवणाचे पैसे वाचवून सिनेमाला जायची. शूटिंगवाल्यांना तिच्या चौकशांची इतकी सवय झाली, की त्यांनी तिला चौकस चिनी पोरगी असं नावच पाडलं. तिनं स्वतःसाठी पडद्यावरचं नावही लहानपणीच ठरवून टाकलं होतं, ॲना मे वाँग.

वडिलांना हे अजिबात पसंत नव्हतं. पण पोरगी ऐकणारी नव्हती. १९१९ मध्ये आलेल्या ‘द रेड लँटर्न’ला चिनी दिसणाऱ्या शेकडो बायका गर्दीसाठी हव्या होत्या. त्या गर्दीत हातात कंदील घेऊन चौदा वर्षांची ॲनाही चालली. दोनेक वर्षांत तिनं शाळा सोडली आणि पूर्णवेळ सिनेमाची वाट धरली.

रंगीत सिनेमा आणि समुद्रात संपणारी नायिका

१९२२ मध्ये टेक्निकलर कंपनीला आपलं नवं रंगीत तंत्र लोकांना दाखवायचं होतं. लाल आणि हिरवा, या दोन रंगांवर चालणारं तंत्र. त्यासाठी ‘द टोल ऑफ द सी’ नावाचा सिनेमा ठरला. पटकथा लिहिली फ्रान्सिस मॅरियन यांनी, ज्या त्या काळातल्या सगळ्यात नावाजलेल्या पटकथाकारांपैकी एक होत्या. आणि नायिका म्हणून निवड झाली १७ वर्षांच्या ॲनाची.

स्वतःच्या नावावर सिनेमा, तोही रंगीत. पण गोष्ट काय होती?

चीनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या लोटस फ्लॉवर नावाच्या मुलीला समुद्रातून वाहून आलेला एक अमेरिकन सापडतो. ती त्याला वाचवते, त्याच्याशी लग्न करते. तो अमेरिकेला निघून जातो. तिला मुलगा होतो. ती वाट बघत राहते. काही वर्षांनी तो येतो तो गोऱ्या बायकोला सोबत घेऊन. लोटस फ्लॉवर आपलं लेकरू त्या बाईच्या स्वाधीन करते आणि समुद्रात जीव देते.

ही त्या काळातली ठरलेली मेलोड्रामाची गोष्ट. मेलोड्रामा म्हणजे त्याग, विरह, ताटातूट आणि प्रेक्षकांचे ओले रुमाल. आपल्याकडच्या रडवणाऱ्या कौटुंबिक सिनेमांशी त्याचं जवळचं नातं आहे. हॉलिवूडच्या मेलोड्रामात बायकांना मोठं स्थान होतं. बाईच्या दुःखावर अख्खा सिनेमा उभा राहायचा. मूकपटांच्या काळात अशा गोष्टी लिहिणाऱ्यांमध्येही बायका बऱ्याच होत्या.

पण बायकाबायकांमध्येही फरक होता.

गोऱ्या नायिकेनं कितीही सोसलं तरी शेवटी तिला नवरा, मूल, घर यातलं काहीतरी मिळायची शक्यता असायची. चिनी नायिकेला ती नव्हती. तिनं प्रेम करायचं आणि बाजूला व्हायचं. बाजूला व्हायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मरण. ती मेली की नायक गोऱ्या बायकोकडं जायला मोकळा आणि प्रेक्षक रडून घरी जायला मोकळे.

सिनेमात ॲनाचं काम बघून समीक्षक खूश झाले. खोटे हातवारे नाहीत, आरडाओरडा नाही, डोळ्यांतून सगळं सांगणारी पोरगी म्हणून तिचं कौतुक झालं. दुसरी कुणी असती तर पुढच्या वर्षी तीन सिनेमांची नायिका झाली असती. ॲनाच्या वाट्याला आल्या मोलकरणी, गुलाम आणि नाचणाऱ्या पोरी. १९२४ च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये ती मंगोल गुलाम झाली. सिनेमा जोरात चालला, ती जगभर पोचली. पण रोल गुलामाचाच.

सगळं अडायचं एका किसवर

यामागं एक व्यवस्था होती.

कॅलिफोर्नियात १८८० पासून गोऱ्या आणि मंगोलियन समजल्या जाणाऱ्या वंशांच्या माणसांना लग्नाचा परवाना नाकारायचा कायदा होता. चिनी लोक त्या यादीत यायचे. हा कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला तो थेट १९४८ मध्ये.

सिनेमाचे नियमही त्याच वळणाचे. १९३० मध्ये हॉलिवूडनं स्वतःसाठी आचारसंहिता तयार केली, जी हेज कोड म्हणून ओळखली जाते. १९३४ पासून ती कडक झाली. वेगवेगळ्या वंशांमधले प्रेमसंबंध दाखवायचे नाहीत, असं त्यात होतं. लिखित नियम गोऱ्या आणि काळ्या माणसांबद्दल होता, पण स्टुडिओंनी तो आशियाई लोकांनाही लावला. आणि नियम लिहिला जायच्या आधीपासून रिवाज तोच होता.

आता याचा परिणाम बघा.

मोठ्या सिनेमाचा नायक गोरा नटच असणार, कारण तिकिटं त्याच्या नावावर खपणार. नायिकेला नायकाचं चुंबन घ्यावं लागणार, त्याच्याशी संसार करावा लागणार. ॲनाला ते करायची परवानगी नाही. म्हणजे ॲना नायिका होऊ शकत नाही.

मग चिनी नायिका हवी असेल तर? गोऱ्या नटीच्या डोळ्यांच्या कडा ओढून बसवायच्या, भुवया बदलायच्या, पावडर लावायची. याला पुढं यलोफेस म्हणायला लागले. १९२८ च्या ‘द क्रिमसन सिटी’मध्ये मर्ना लॉय ही गोरी नटी चिनी नायिका झाली आणि त्याच सिनेमात ॲना मे वाँग दुय्यम भूमिकेत होती. १९३२ मध्ये एमजीएमच्या ‘द सन-डॉटर’साठी तिचा विचार झाला आणि रोल गेला हेलन हेसकडं. चिनी दिसण्यासाठी ती जरा जास्तच चिनी आहे, असा तेव्हाचा शेरा सांगितला जातो.

नियमाला पडद्यावरच्या पात्राचा वंश दिसत नव्हता, दिसत होता तो नटाचा. मेकअपमधला गोरा नट आणि मेकअपमधली गोरी नटी यांनी चिनी नवराबायको म्हणून संसार केला तर हरकत नव्हती. खरी चिनी वंशाची बाई आली की मात्र सगळं अडायचं.

युरोपात मान, पण शेवट तोच

१९२८ मध्ये ॲनानं सरळ अमेरिका सोडली आणि जर्मनी गाठली. रिचर्ड आयखबर्ग या दिग्दर्शकानं तिला घेऊन सिनेमे केले. बर्लिनमध्ये ती फॅशनची राणी झाली. १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘पिकॅडिली’ आला. लंडनच्या नाइटक्लबात भांडी घासणारी शोशो नाचायला लागते आणि अख्खं शहर तिच्यामागं लागतं, अशी गोष्ट. जाहिरातीतलं पहिलं नाव दुसऱ्या नटीचं होतं, पण लोकांना लक्षात राहिली ती ॲना.

त्याच वर्षी लंडनच्या रंगभूमीवर तिनं लॉरेन्स ऑलिव्हिएसोबत नाटक केलं. तिच्या तोंडून अस्सल कॅलिफोर्नियाची इंग्रजी ऐकून समीक्षकांनी नाकं मुरडली. चिनी चेहऱ्यातून अमेरिकन बोली निघते हे त्यांना झेपलं नाही. ॲनानं गप्प बसून शिकवणी लावली आणि ब्रिटिश उच्चार घटवून घेतले. जर्मन आणि फ्रेंचही शिकली. बोलपट आल्यावर ‘हाय-तांग’ची गोष्ट जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वेगवेगळी चित्रित झाली, आणि तिन्हीत नायिका तीच होती. तिथं डबिंगची भानगड नव्हती.

युरोपनं तिला मान दिला, मोठी नावं दिली, पहिल्या रांगेतली खुर्ची दिली. पण ‘पिकॅडिली’तही गोऱ्या नायकासोबतचं तिचं चुंबन पडद्यावर आलं नाही, आणि शोशो शेवटी मारलीच जाते. समुद्राच्या दोन्ही बाजूंना पटकथा तीच होती.

ड्रॅगनची मुलगी आणि शांघाय एक्सप्रेस

१९३० मध्ये ती अमेरिकेत परतली. ब्रॉडवेवर नाटक चाललं. पॅरामाउंटनं बोलावलं आणि १९३१ मध्ये ‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’ आला.

मरणाऱ्या लोटस फ्लॉवरनंतर हॉलिवूडकडं चिनी बाईचा दुसरा साचा तयार होता, ड्रॅगन लेडी. नखं लांब, नजर थंड, हातात खंजीर. फू मांचू या खलनायकाची सूडानं पेटलेली मुलगी म्हणून ॲना त्यात उभी राहिली. फू मांचू झाला होता वॉर्नर ओलंड, स्वीडनमध्ये जन्मलेला गोरा नट. तो पडद्यावर जेमतेम २३ मिनिटं होता. त्याला १२ हजार डॉलर मिळाले. सिनेमा जिच्या नावावर होता तिला ६ हजार.

पुढच्या वर्षी आला ‘शांघाय एक्सप्रेस’. दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग, नायिका मार्लिन डिट्रिच. यादवीत सापडलेल्या चीनमधून एक रेल्वेगाडी निघालीय, डब्यात दोन बदनाम बायका एकत्र बसल्यात. एक गोरी, दुसरी ॲनानं केलेली हुई फेई. ती फार बोलत नाही. पत्ते खेळते, सिगरेट ओढते, लोकांच्या नजरा झेलते. आणि ज्या बंडखोर सेनापतीनं तिच्यावर अत्याचार केला, त्याला स्वतःच्या हातानं संपवते. विशेष म्हणजे या सिनेमात ती मरत नाही.

आज हा सिनेमा बघणारे अनेक जण डिट्रिचइतकंच ॲनाकडं बघत बसतात. मानधनाचा आकडा मात्र वेगळंच सांगतो. डिट्रिचला ७८ हजार डॉलरच्या वर, ॲनाला ६ हजार.

१९३३ च्या एका मुलाखतीत तिनं ही खदखद बोलून दाखवली होती. पडद्यावरचा चिनी माणूस नेहमी खुनी, दगाबाज आणि क्रूरच का असतो, असा तिचा प्रश्न होता.

मुंबईत जन्मलेली दुसरी मुलगी

याच काळात हॉलिवूडमध्ये आशियाई मुळं असलेली आणखी एक अभिनेत्री वर चढत होती. मर्ल ओबेरॉन. तिचा जन्म १९११ चा, आपल्या मुंबईतला. पण रंग उजळ होता, त्यामुळं मुंबई लपवता आली. आपण ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मलो, अशी गोष्ट तिच्याबद्दल रचली गेली आणि तिनं ती आयुष्यभर निभावली. ‘द डार्क एंजल’ या १९३५ च्या सिनेमासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकनही मिळालं.

मर्लला आपली ओळख पुसून नायिका होता आलं. त्याची किंमत तिनं आयुष्यभर भीतीत मोजली. ॲनाला पुसायची सोयच नव्हती. तिचा चेहराच तिचा कागद होता.

पुन्हा ‘द गुड अर्थ’

ओलानच्या नवऱ्याच्या, म्हणजे वाँग लुंगच्या रोलसाठी पॉल म्युनी या गोऱ्या नटाची निवड झाली आणि ॲनाचा विषय तिथंच संपला. गोऱ्या नटाची बायको गोरीच हवी. चीनच्या सरकारी वर्तुळातही तिच्याबद्दल नाराजी होती, कारण तिनं केलेल्या भूमिकांनी चीनची बदनामी झाली असं त्यांचं म्हणणं होतं.

मग लोटस या दुसऱ्या पात्रासाठी तिची चाचपणी झाली. लोटस म्हणजे शेतकऱ्याला नादाला लावून घर फोडणारी रखेल. सगळे चांगले चिनी गोऱ्यांनी करायचे आणि वाईट तेवढी चिनी वंशाच्या बाईनं करायची, हे ॲनाला मान्य नव्हतं. तो रोल शेवटी केला टिली लॉश या ऑस्ट्रियन नर्तकीनं.

ॲनानं मग वेगळंच ठरवलं. जानेवारी १९३६ मध्ये ती बोटीत बसली आणि जन्मात पहिल्यांदा चीनला निघाली.

तिथं तिला काय मिळालं? गर्दी मिळाली, मेजवान्या मिळाल्या आणि बोलणीही मिळाली. चिनी समाजातल्या प्रतिष्ठितांनी अशा भूमिका का करतेस म्हणून तिला तोंडावर विचारलं. त्यावर ती सांगायची, की आपण नाही म्हटलं तर त्या भूमिका दुसरी कुणीतरी करणारच. घरात दक्षिण चीनची बोली बोलणाऱ्या ॲनाला तिथली मँडरिन धड येत नव्हती. वडील तोवर धाकट्या पोरांना घेऊन मूळ गावी परतले होते. त्या गावालाही ती जाऊन आली. अमेरिकेत ती चिनी होती आणि चीनमध्ये अमेरिकन.

पण या प्रवासाचं चित्रण तिनं सोबत आणलं. चिनी माणसं खुनी किंवा गुलाम नसताना कशी जगतात हे त्यात होतं.

परतल्यावर तिला पॅरामाउंटचे कमी बजेटचे सिनेमे मिळाले. गंमत म्हणजे मोठ्या सिनेमात जे जमलं नाही ते तिथं जमलं. १९३७ च्या ‘डॉटर ऑफ शांघाय’मध्ये ती वडिलांच्या खुनाचा छडा लावणारी नायिका झाली. नायक होता फिलिप आन, कोरियन वंशाचा नट. दोघंही आशियाई, दोघंही बाजू घ्यावी असे आणि शेवटी दोघंही जिवंत. १९३९ च्या ‘किंग ऑफ चायनाटाऊन’मध्ये ती सर्जन झाली.

जपाननं चीनवर हल्ला केल्यावर तिनं आपले सिनेमातले कपडे लिलावात काढून पैसे चीनच्या मदतीला दिले. युद्धावरच्या दोन सिनेमांचं मानधनही तिकडंच दिलं. तरी १९४३ मध्ये मादाम चांग काय-शेक मदत गोळा करायला लॉस एंजेलिसला आल्या, हॉलिवूडची बडी नावं स्वागताला जमली, तेव्हा ॲनाला आमंत्रण नव्हतं.

टीव्हीवरची मालकीण आणि हातातून निसटलेली संधी

१९५१ मध्ये ड्युमाँट या चॅनलवर ‘द गॅलरी ऑफ मादाम लिउ-त्सोंग’ ही मालिका आली. नायिकेला ॲनाचंच खरं नाव. ती कलादालनाची मालकीण आणि गुन्ह्यांचा छडा लावणारी बाई. आशियाई वंशाची अमेरिकन व्यक्ती प्रमुख भूमिकेत असलेली ही अमेरिकन टीव्हीवरची पहिली मालिका मानली जाते. आज तिचा एकही भाग उपलब्ध नाही.

पुढची वर्षं आजारपणाची, दारूची आणि एकटेपणाची. तिनं लग्न केलं नाही. १९६० मध्ये हॉलिवूडच्या वॉक ऑफ फेमवर तिच्या नावाचा तारा बसला. ‘फ्लॉवर ड्रम साँग’ या सिनेमात तिला रोलही मिळाला होता. बहुतांश कलाकार आशियाई वंशाचे असलेला, मोठ्या स्टुडिओचा सिनेमा. ज्याची तिनं चाळीस वर्षं वाट बघितली तेच.

पण शूटिंग करायच्या आधीच, ३ फेब्रुवारी १९६१ ला हृदयविकारानं तिचं निधन झालं. वय ५६.

आईच्या कबरीत तिच्या अस्थी ठेवल्या आहेत. त्या दगडावर पडद्यावरचं नाव नाही. तिथं तिचं नाव चिनी लिपीत कोरलंय, लाँड्रीत असताना आईवडील ज्या नावानं हाक मारायचे ते.

२०२२ मध्ये अमेरिकन सरकारनं पाव डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा छापला. अमेरिकन चलनावर आलेली ती पहिली आशियाई-अमेरिकन व्यक्ती. दरवेळी बोटीत बसण्याआधी जिला आपण इथल्याच आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागायचं, तिचाच चेहरा आता कुठलाही फॉर्म न भरता अमेरिकेत हातोहात फिरतोय.